कॅटमरानवर रीफ घ्यायला नेहमी उशीर का होतो: लक्षणं आणि तपासण्या

फेब्रुवारी ते मे या काळात पुण्याहून कोकणात बोटीवर जाणाऱ्यांचे मला फोन येतात, आणि तक्रार जवळपास एकच असते. "दुपारपर्यंत सगळं मस्त चाललं होतं. मग एकदम वारा वाढला, ऑटोपायलटने मान टाकली आणि शीड काही केल्या खाली येईना." बोट वेगळी, माणसं वेगळी, गोष्ट तीच. गेली दहा-बारा वर्षं मी चाळीस फुटांच्या आसपासच्या क्रूझिंग कॅटमरानवर, म्हणजे दोन धडांच्या, लांबच्या सहलीच्या शिडाच्या बोटीवर, जातो आहे, कधी मालकांबरोबर, कधी भाड्याने घेतलेल्या बोटीवर. हा बिघाड इतक्या वेळा निस्तरला आहे की फोनवर पहिलं वाक्य ऐकलं की मी विचारतो, "मेनसेल पूर्ण वर होतं ना? आणि वारा मागून होता ना?" बहुतेक वेळा दोन्हींचं उत्तर 'हो' असतं.

नव्यांसाठी दोन शब्द. मेनसेल म्हणजे डोलकाठीच्या मागचं मोठं शीड, जिब म्हणजे पुढचं लहान. ऑटोपायलट म्हणजे आपोआप सुकाणू धरणारं यंत्र. रीफ घेणं म्हणजे मेनसेल थोडं खाली सोडून त्याचा खालचा पट्टा बूमवर, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्यावर, आवळून टाकणं, म्हणजे वाऱ्याला मिळणारं कापड कमी होतं. बहुतेक क्रूझिंग बोटींच्या मेनसेलला असे दोन किंवा तीन टप्पे असतात.

कोकणातले जुने नाखवा सांगतात, शीड आवरायचा विचार मनात आला की लगेच आवरावं. मोनोहलवर, म्हणजे एकच हल (पाण्यात बसणारं धड) असलेल्या बोटीवर, हे अगदी खरं आहे, कारण तिथे तो विचार बोटच तुमच्या मनात घालते. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये ज्या 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती अशीच बोट. खाली जड कणा, वारा वाढला की बोट कलते, कलली की शिडावरचा वारा काही प्रमाणात निसटतो, आणि आतल्या माणसाला उभं राहणं अवघड होतं. कॅटमरानचे दोन हल लांब-लांब असतात. ती कलत नाही. वारा वाढला तरी टेबलावरचा चहा हिंदकळत नाही, पोरं दोन हलमधल्या पुढच्या जाळीवर लोळत पडलेली असतात. ज्या जोराने मोनोहल कलली असती, तो जोर इथे डोलकाठी, तिला बाजूंनी धरणाऱ्या तारा आणि शिडाच्या शिवणींवर जाऊन बसतो. तिथलं ओझं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून रीफचा विचार वेळेवर येतच नाही. पुढची प्रत्येक तपासणी याच अडचणीवरची आहे: बोट बोलत नसेल, तर कशाकशाला विचारायचं.

एक हिशोब पाठ करून ठेवा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० नॉटचा (नॉट हे समुद्रावरचं वेगाचं माप) वारा २० झाला की जोर चौपट होतो. १५ चे २० झाले तरी तो पावणेदोन पटीहून थोडा जास्त भरतो. "पाचच तर नॉट वाढले" असं कोणी म्हणालं की मी हे सांगतो.

आधी लक्षणं

ही मी साधारण ज्या क्रमाने दिसतात त्या क्रमाने लिहितो आहे. पहिल्या दोन-तीन लक्षणांवर रीफ घेतला तर पाच मिनिटांचं काम असतं, शेवटच्यांवर घेतला तर अर्ध्या तासाची झटापट होते.

वेग धक्क्याधक्क्याने वाढू लागतो. सात नॉटवर चाललेली बोट झोतात दहा-अकरावर जाते, पुन्हा सातवर येते. लोकांना याचीच मजा वाटते आणि ते फोटो काढतात. मला मात्र तिथेच काळजी वाटायला लागते.

ऑटोपायलटचा आवाज बदलतो. एरवी मधूनमधून 'घुर्र' करणारी मोटर सतत चालू राहते. डिस्प्लेवर सुकाणूचा कोन बघा. तो एकाच बाजूला दहा अंशांच्या वर टिकून राहत असेल, तर बोट वाऱ्याकडे तोंड फिरवायला बघते आहे आणि ऑटोपायलट तिला जबरदस्तीने धरून ठेवतो आहे. हाताने सुकाणू धरणाऱ्याला हेच दंडात जाणवतं.

मागे जाऊन दोन्ही हलच्या मागचं पाणी बघा. वाऱ्याकडच्या हलमागचा फेसाळ पट्टा बारीक झालेला आणि वाऱ्याआडच्या, म्हणजे वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूच्या, हलमागचा जाड, खळखळता असेल, तर वजन एका बाजूला सरकलं आहे. बोट कलल्यासारखी वाटत नसली तरी हे दिसतं. मग पुढे बघा. वाऱ्याआडच्या हलचं टोक लाटेत घुसून उशिरा वर येतंय का? जाळीतून पाणी वर उसळतंय का? तसं असेल तर आता थांबू नका.

आतमध्ये केबिनच्या दारांची कुरकुर सुरू होते, एखादं दार चौकटीत अडकायला लागतं. वाऱ्याआडच्या बाजूची तार सैल पडून झुलते. थोडी सैल ती सगळ्याच कॅटवर पडते, पण ती झोके घेत असेल तर ओझं जास्त आहे. आणि एक लक्षण कुठल्याच पुस्तिकेत नसतं: गप्पा थांबतात. गाणी म्हणणारी माणसं गप्प होऊन हाताला लागेल ते धरून बसतात. हे मी प्रत्येक वेळी पाहिलं आहे.

पहिली तपासणी घरीच, फुकट: अंदाज नॉटमध्ये मांडा

पुण्याच्या सिमला ऑफिस चौकातून आपण हजार वेळा गेलेलो असतो. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं म्हणून ते नाव पडलं. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा ताशी किलोमीटरमध्ये असतो आणि बोटीवरचा डिस्प्ले नॉटमध्ये. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर. "ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, झोत ६५ पर्यंत" हे वाक्य बातम्यांत नेहमी ऐकू येतं. त्याचे नॉट करा: २४ ते ३०, आणि झोत ३५. बोटीवर कोणी "अजून २४ च आहे" म्हणालं, तर त्याच्या डोक्यात सकाळी ऐकलेले ४५ असतात, त्यामुळे २४ त्याला कमी वाटतात. हा गोंधळ मी शिकल्या-सवरलेल्या माणसांचाही पाहिला आहे. असा इशारा असेल त्या दिवशी सहलीला निघायचंच नाही, हे वेगळं सांगायला नको.

हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाजही बघा. दोन्हींत सरासरी वारा आणि झोत असे दोन आकडे मिळाले, तर झोताचा आकडा कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. शीड झोताच्या हिशोबाने ठेवायचं असतं. मोनोहल झोतात कलून थोडा मार टाळते, कॅट तो सगळा अंगावर घेते.

शिवाय कोकणच्या उन्हाळ्यातल्या वाऱ्याला स्वतःचं वेळापत्रक आहे. पहाटे जमिनीवरून मतलई वारा, अगदी मंद. दहा-अकराच्या सुमारास तो मरतो, समुद्र आरशासारखा होतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि तीन ते पाचच्या दरम्यान सगळ्यात जोरात असतो. पुण्याहून येणारी मंडळी पहाटे ताम्हिणी किंवा एक्स्प्रेस वे उतरून येतात, सामान चढवेपर्यंत अकरा वाजतात, आरशासारख्या समुद्रात पूर्ण शीड चढवतात आणि जेवून झोपतात. वारा जागा होतो तेव्हा बोटीवर जागं कोणी नसतं.

दुसरी तपासणी, तीही फुकट: पाण्याकडे बघा

यंत्राआधी डोळे. सात ते दहा नॉटला लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरे तुरे दिसतात. अकरा ते सोळाला ते बऱ्यापैकी वाढतात. सतरा ते एकवीसला जिकडेतिकडे तुरे आणि थोडे तुषार. बावीसच्या पुढे माथे मोठे होऊन सगळीकडे पांढरा फेस. मात्र वाऱ्याबरोबर जाताना लाटांची पाठ दिसते आणि तुरे कमी वाटतात, म्हणून मागे वळून, वारा येतो त्या दिशेला बघून मोजायचं.

हे शिकायला समुद्र लागत नाही. एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी चार वाजता खडकवासल्याच्या काठावर जा, कणीस घ्या आणि पाण्याकडे बघत बसा. सिंहगडाच्या बाजूच्या डोंगरांवरून वारा उतरतो तेव्हा पाण्यावर गडद, खरबरीत पट्टे धावत येताना दिसतात. तेच झोत. एखादा पट्टा काठाला लागेपर्यंत किती सेकंद जातात ते मोजा. माझ्या भाच्याला मी बोटीवर नेण्याआधी सलग तीन रविवार तिथे बसवलं होतं. समुद्रावर पहिल्याच दिवशी तो माझ्याआधी ओरडला, "मामा, डावीकडून काळं येतंय."

तिसरी: डिस्प्लेवर नेमका कुठला वारा दिसतोय?

माझ्या मते सगळ्या उशिरांचं मूळ इथे आहे.

डिस्प्लेवर दोन वारे असतात. एक खरा वारा, जो समुद्रावर वाहतो. दुसरा भासमान, जो चालत्या बोटीला लागतो. दुचाकीवर जाताना तोंडावर लागतो तसा. शिडाला भासमान वाराच लागतो, म्हणून बोटीच्या पुस्तिकेतले रीफचे आकडे बहुधा भासमान वाऱ्याचे असतात. वारा पुढून असताना ते आकडे बरोबर काम करतात. वारा मागून असताना मात्र बोट वाऱ्याबरोबर पळते आणि भासमान वारा तेवढ्याने कमी दिसतो.

एका एप्रिलमध्ये आम्ही सात जण मांडव्याहून मुरुडला निघालो होतो, तीसेक सागरी मैल. वायव्येचा वारा पाठीशी, पूर्ण मेनसेल, वेग आठ नॉट. डिस्प्लेवर भासमान वारा १२. सगळे निवांत. मी स्वतः खाली पोह्यांना फोडणी देत होतो. कोरलईचा दीपगृहाचा डोंगर डावीकडे येत असताना समोर थर्माकोलचे बोये आणि काळी फडकी लावलेल्या काठ्या दिसल्या, आडव्या पसरलेल्या, दोन्हीकडे लांबवर. जाळं. सुकाणूवरच्या मित्राने जे कोणीही केलं असतं तेच केलं, बोट वाऱ्याकडे वळवली.

खरा वारा २० नॉट होता. तो सकाळपासून वाढत वाढत तिथे आला होता, पण आमच्या आठ नॉटच्या पळण्याने त्यातले आठ लपवले होते. बोट वळून वाऱ्याच्या तोंडाशी आली, सहा नॉटने चालू लागली आणि भासमान वारा १२ चा २४ झाला. दुप्पट वारा, चौपट जोर, आणि एवढं व्हायला अर्धं मिनिटही लागलं नाही. वाऱ्याआडचं टोक पाण्यात घुसलं, ऑटोपायलटचा गजर सुरू झाला, कढई ओट्यावरून खाली आली. कोणाला भाजलं नाही. शीड खाली घ्यायला वीस मिनिटं लागली आणि त्यात बॅटनचा (शिडाला ताठ ठेवणाऱ्या आडव्या पट्टीचा) एक खिसा फाटला.

त्यानंतर आमचा नियम ठरला: वारा मागून असेल तर डिस्प्लेवर खरा वारा ठेवायचा आणि रीफ त्याच आकड्यावर घ्यायचा. "आत्ता वळावं लागलं तर हे शीड चालेल का?" हा एकच प्रश्न विचारायचा. उत्तर 'नाही' असेल तर आत्ताच रीफ. आमच्या किनाऱ्यावर जाळी, मासेमारीच्या होड्या, पाण्यात पडलेला माणूस, वळावं लागायला कारणं भरपूर आहेत.

चौथी, पन्नास रुपयांची: आकडा कागदावर आणि जबाबदारी एका माणसावर

तुमच्या बोटीच्या पुस्तिकेत शिडांचा तक्ता असतो: इतक्या वाऱ्याला पूर्ण, इतक्याला पहिला रीफ, इतक्याला दुसरा, जिब किती गुंडाळायची. मी ज्या बोटीवर जास्त जातो तिथे पहिला रीफ १८ ला, दुसरा २४ ला, आणि ३० च्या आधी मेनसेल तिसऱ्या रीफवर किंवा पूर्ण खाली. हे आकडे माझ्या बोटीचे आहेत, उचलून आपल्या बोटीला लावू नका. शिडाचा आकार, हलमधलं अंतर, बोटीचं वजन यावर ते बदलतात.

तक्ता मोठ्या अक्षरात छापा, अप्पा बळवंत चौकातून लॅमिनेट करून आणा आणि सुकाणूसमोर चिकटवा. मग डिस्प्लेवर वाऱ्याचा गजर लावा, पहिल्या रीफच्या दोन नॉट अलीकडे. आणि दर दोन तासांना एका माणसाचं नाव ठरवा. त्याने आकडा बघायचा, आणि गजर वाजला की कोणाची परवानगी न मागता "रीफ" म्हणायचं. या शेवटच्या गोष्टीला मी फार महत्त्व देतो. आपल्याकडे पाहुण्यांसमोर, वडीलधाऱ्यांसमोर "थांबा, शीड कमी करू" म्हणायला तरुण माणूस कचरतो. बोटीवर तो संकोच आधीच काढून टाकावा लागतो. आमच्याकडे सर्वांत लहान माणूस जरी म्हणाला तरी रीफ घेतला जातो, आणि नंतर वारा पडला तरी त्याला कोणी बोलत नाही. रीफ सोडायला दोन मिनिटं लागतात.

पाचवी: वारा मोजणारं यंत्र खरं बोलतं का?

डोलकाठीच्या टोकावरच्या फिरत्या वाट्यांमध्ये मीठ आणि पक्ष्यांची घाण बसते. त्या जड फिरायला लागल्या की वारा कमी दाखवतात, म्हणजे नेमकी धोक्याच्या बाजूची चूक. नांगरावर असताना हातातल्या लहान वारामापकाशी पडताळून बघा. डेकवरचा आकडा टोकावरच्यापेक्षा थोडा कमी येणारच, कारण उंचावर वारा जास्त असतो. पण हातातलं यंत्र जास्त आणि टोकावरचं कमी दाखवत असेल, तर टोकावरच्यावर विश्वास ठेवू नका. दुरुस्ती होईपर्यंत पाण्याचे तुरे आणि सुकाणूचा कोन यांच्यावर चाला.

सहावी: सुकाणू जड झालंय ते वाऱ्याने की दुसऱ्या कशाने?

कधीकधी सुकाणू जड असतं पण दोष शिडाचा नसतो. बेअरिंग आवळलेलं असतं किंवा पात्यावर शंख-शिंपले वाढलेले असतात. फरक ओळखायला एक मिनिट लागतं. वारा पुढून किंवा बाजूने असताना ट्रॅव्हलर, म्हणजे बूमच्या खालची सरकती गाडी, वाऱ्याआडच्या बाजूला हातभर सोडा. सुकाणू लगेच हलकं झालं आणि वेग फारसा पडला नाही, तर कापड जास्त आहे. रीफ घ्या. काहीच फरक पडला नाही तर शिडं उतरवून इंजिनवर पुन्हा बघा. तरीही जडच असेल तर दोष सुकाणूच्या यंत्रणेत आहे.

ट्रॅव्हलर सोडणं हा तात्पुरता उपाय आहे. कित्येक जण तो सोडून "आता बरं चाललंय" म्हणत तासभर काढतात, आणि तेवढ्यात वारा आणखी पाच नॉट वाढलेला असतो.

इथेच झोत अंगावर आल्यावर काय करायचं तेही सांगतो. वारा बोटीच्या मध्याच्या पुढून असेल तर बोट वाऱ्याकडे वळवा, शीड फडफडून जोर सुटेल. मध्याच्या मागून असेल तर वाऱ्यापासून दूर, त्याच्याबरोबर पळा. मागून असताना घाबरून वाऱ्याकडे वळलात तर आमचं कोरलईला झालं तेच होईल. वारा अगदी आडवा असेल तेव्हा पहिल्यांदा मेनसेलचा दोर सोडा. म्हणून आडव्या वाऱ्यात त्या दोराजवळ माणूस बसलेलाच हवा, आणि दोर कॉकपिटमधल्या पायांच्या आणि पिशव्यांच्या गर्दीत अडकलेला नको.

सातवी: सामान

भाड्याच्या बोटीवर पुण्याचे दहा जण आले की चार दिवसांचं किराणा सामान, पाण्याचे जार, बर्फाच्या पेट्या चढतात. लोकांना वाटतं, बोट जड म्हणजे जास्त स्थिर, रीफ उशिरा चालेल. कॅटवर हे उलटं पडतं. हलकी बोट झोतात पुढे पळून थोडा जोर सोडते. जड बोट पळत नाही, आणि तिला उचलायला जास्त जोर लागतो, म्हणून तारांवरचा ताण आणखी वाढतो. तक्त्यातले आकडे जड बोटीला पुढे ढकलू नका. शिवाय पुढच्या लॉकरमध्ये जड सामान ठेवू नका, टोकं लाटेत लवकर घुसतात.

आठवी, अर्ध्या दिवसाची: नांगरावर रीफ घेऊन बघा

"शीड खाली येईना" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथे मिळतं. रीफची दोरी वर्षभर कोणी ओढलेली नसते, आणि पहिल्यांदा ओढली जाते ती २५ नॉट वाऱ्यात.

सकाळच्या मतलई वाऱ्यात, नांगरावर, सगळे टप्पे एकेक करून घ्या. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, प्रत्येक रीफला क्लचपाशी, म्हणजे दोर पकडून ठेवणाऱ्या कळीपाशी, कुठे येतो तिथे खूण करा. मार्करची शाई उन्हात उडते. मी बोहरी आळीतून जाड मेणाचा दोरा आणला आहे, लाल, पिवळा आणि काळा. पहिल्या रीफच्या जागी हॅलयार्डवर लाल दोऱ्याचे बारा-पंधरा वेढे, सुईने दोराच्या आरपार काढून पक्के केलेले. दुसऱ्याला पिवळा, तिसऱ्याला काळा. अंधारात बोटाला वेढे लागतात आणि दिवा न लावता कळतं की शीड किती सोडायचं. ही खूण नसेल तर माणूस हॅलयार्ड कमी सोडतो, रीफची दोरी विंचवर (दोर ओढायच्या फिरकीवर) आवळत राहतो, ती गच्च होते आणि त्याला वाटतं दोरी अडकली. कित्येकदा अडकलेलं काही नसतं, शीड वरूनच पुरेसं सुटलेलं नसतं.

खूण बरोबर असूनही शीड येत नसेल तर याच क्रमाने बघा. बूमला वरून आधार देणारा दोर आवळला आहे का? नाहीतर बूमचं वजन शिडावर लटकतं. मेनसेलचा दोर पुरेसा सोडला आहे का? वाऱ्याने फुगलेल्या शिडाच्या बॅटनच्या गाड्या डोलकाठीच्या रुळात चिकटून बसतात. बहुतेक क्रूझिंग कॅटच्या बाजूच्या तारा मागे ओढलेल्या असतात, त्यामुळे मागच्या वाऱ्यात शीड तारांवर आणि स्प्रेडरवर (डोलकाठीच्या आडव्या हातांवर) दाबलं जातं आणि खाली सरकत नाही. मग जिब भरलेली ठेवून बोट हळूहळू वाऱ्याकडे आणायची, भासमान वारा ५० ते ६० अंशांवर येईपर्यंत, आणि मेनसेल फडफडायला लागलं की सोडायचं. इथे इंजिन चालू ठेवायला लाजू नका. चालू करण्याआधी पाण्यात एकही दोर लोंबत नाही ना, हे मात्र बघा.

तरीही येत नसेल तर घर्षण. बूमच्या आतल्या कप्प्या, दोऱ्यांचा पीळ, क्लचचे झिजलेले दात. रूळ गोड्या पाण्याने धुवा, वाळू द्या, मग कोरडं सिलिकॉन फवारा. ग्रीस लावू नका, त्यात मीठ आणि धूळ बसून लापशी होते. रीफची दोरी बूमच्या टोकाशी जिथे वळते तिथला तीन-चार इंचांचा भाग बोटांनी चाचपा. केसाळ, चपटा लागला तर दोरीचं ते टोक हातभर कापून पुन्हा बांधा, झीज नव्या जागी जाईल. आतला गाभा दिसत असेल तर दोरी बदला.

नववी: शीड स्वतः

जुनं शीड ताणलं जातं आणि त्याचा फुगवटा मागे सरकतो. पुढे ओढण्याऐवजी ते बोटीला बाजूला दाबतं. तेवढ्याच वाऱ्यात सुकाणू जड, वेग कमी. नांगरावर झोपून शिडाकडे खालून बघा, किंवा फोटो काढा. सगळ्यात खोल जागा मधल्या भागाच्या बरीच मागे असेल तर शीड शिवणाऱ्याकडे न्या. घरच्या शिलाई मशीनवर शिवणी दुरुस्त करू नका. धागा वेगळा असतो आणि फाटायची वेळ वाईट असते. नवीन शीड येईपर्यंत तक्त्यापेक्षा दोन-तीन नॉट आधी रीफ घ्या.

इथे हात थांबवा

तारांचा ताण स्वतः आवळून "सैल पडणं" बंद करायचा मोह होतो. करू नका. वाऱ्याआडची तार झुलते म्हणून आवळली तर वाऱ्याकडच्या तारेवरचं आणि डोलकाठीवरचं ओझं वाढतं. मूळ कारण कापड जास्त असण्याचं असेल तर तुम्ही फक्त लक्षण झाकलंत. ताण मोजायचं यंत्र आणि त्या बोटीचे आकडे ज्याच्याकडे आहेत, अशा रिगरनेच, म्हणजे डोलकाठी आणि तारांच्या कारागिरानेच, ते काम करावं.

रिगरला न विचारता बंदरातून निघू नका, अशा खुणा: तारेचा एकही पदर तुटलेला (कापसाचा बोळा तारेवरून हलकेच फिरवा, तुटलेल्या पदराला कापूस अडकतो, बोट फिरवलंत तर रक्त येईल). तारेच्या टोकावरच्या धातूच्या नळीला केसाएवढी तडा किंवा गंजाची ओघळ. तार जिथे डेकला जोडली आहे तिथे रंगाला भेगा किंवा आत पाण्याचा डाग. वाऱ्यात डोलकाठीचा मधला भाग पुढे-मागे धडधडणं. आणि एकदा जबरदस्त झोतात पूर्ण शीड सापडलं असेल तर, वरून सगळं ठीक दिसलं तरीही, पुढच्या लांब प्रवासाआधी तपासणी. कोरलईनंतर आम्ही ती करून घेतली. वरच्या एका जोडातली पिन वाकलेली निघाली. डेकवरून ती दुर्बिणीनेही दिसली नव्हती.

समुद्रावर असताना कोणालाही डोलकाठीवर चढवू नका. शीड अडकून अजिबातच येत नसेल, वारा वाढतो आहे आणि वारा ढकलतो त्या बाजूला किनारा जवळ आहे, तर उशीर न करता बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर आपली जागा, माणसांची संख्या आणि अडचण सांगा. किनाऱ्यालगत मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४. दोन्ही आकडे त्याच लॅमिनेट केलेल्या कागदावर, रीफच्या तक्त्याच्या खाली लिहून ठेवा. सुकाणूवर त्या वेळी कोण असेल ते आधी सांगता येत नाही.